वीस मिनिटांचा फोटू

"पाच मिनिटं पुतळ्यासारखा बसून दाखव, कचोरी माझ्याकडून," पहारेकरी संताजी म्हणाला. आणि दिवाकर, ज्याला घरी जेवणाच्या पाटावर धड बसता येत नव्हतं, तो येडा लगेच हो म्हणून मोकळा झाला.

काम होतं त्याच्या भाऊजींचं, दत्तोपंतांचं. इंदूरच्या एका बंद महालाचे आतले फोटू मध्यभारत सरकारला हवे होते. सोन्याचा मुलामा, कोरीव खुर्च्या, छतावरच्या वेली, सगळं. कॅमेरा भाऊजींच्या वडिलांच्या वेळचा, फिल्मऐवजी आत काच घालायची, अन् महालात भरदुपारी अंधार. म्हणून भिंगावरचं झाकण काढून कॅमेरा वीस मिनिटं तसाच ठेवायचा. तेवढ्यात कुणी चालत गेलं तर उमटत नाही, पण बसून राहिलं की धुरासारखं येतं. लाकडी जमीन पावलांनी हलते, म्हणून भाऊजी स्वतः बाहेर जाऊन विडी ओढायचे.

ते बाहेर गेले तसा दिवाकर कॅमेऱ्यासमोरच्या कोरीव खुर्चीत बसला. वार्निशचा अन् वटवाघळांचा वास. इतकं गप्प, की आपलंच थुंकी गिळणं मोठ्यानं वाटत होतं. पाच मिनिटं मोजून तो सुटला, कचोरी खाल्ली, वर दात पण काढले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी घरून, पार छत्रीबागेपासून तणतणतच आले. संताजीला त्याच दालनात, दिवाकरच्या देखत उभं केलं. "कितनी बार बोला, किसी को अंदर मत छोडना." हिंदीवर आले म्हणजे डोकं पूर्ण सटकलेलं. शेवटची काच वाया गेली, आता साहेबाला काय दाखवू, तुझी तक्रार आजच लिहितो, नोकरी गेली समज, असं बरंच झालं. पलटणीतून आलेला म्हातारा माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला. दिवाकरचं नाव काही घेतलं नाही.

"बरं, एकाला नाही, दोघांना सोडलंस," भाऊजींनी फोटू पुढे केला. "एक हा खुर्चीत, धूर. अन् हा..." त्यांनी फोटू उलटा धरला, परत सुलटा केला. "छताला पाय लावून उभा. खाली डोकं. इतका साफ आलाय म्हणजे वीसची वीस मिनिटं हललाच नाही. काय तमाशा आहे यार? शिडी कुणी दिली?"

"शिडी महालात नाहीच, साहेब..." संताजी हळूच म्हणाला.

वर कुणीच बघितलं नाही. दिवाकरच्या खांद्यावर वरून चुन्याची भुकटी पडली. जरा थांबून आणखी पडली.

"संताजीला नोकरीवरून काढू नका," दिवाकर म्हणाला. "मी होतो, भाऊजी. खुर्चीत... फक्त खुर्चीत."