ह्यांची साखर

ह्यांची साखर मोजायचे उरलेले सेन्सर परत घेतात का, हे विचारायला मी दुपारी गंगापूर रोडवरच्या औषधाच्या दुकानात गेले होते. आमचे हे जाऊन महिना झाला होता. दुकानदार रविराज खोका उलटसुलट करून बघत होता, तेवढ्यात पर्समध्ये माझा फोन थरथरला. पडद्यावर ह्यांचं नाव, ढुंढिराज. साखर दोनशे अकरा, बाण वर.

"काकू, काय झालं?"

"काही नाही. राहू दे खोका," मी म्हणाले आणि घरी आले.

तुम्हाला नीट सांगते. निवृत्त झाल्यावर आमचे हे इंटरनेटवर डॉक्टर झाले होते. मधुमेहाच्या पाच-सहा ग्रुपवर असायचे, परदेशातले व्हिडिओ बघायचे, आणि खऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली की "कुठल्या संशोधनात लिहिलंय?" असं विचारून त्यांना घाम फोडायचे. दंडावर चिकटवायचा तो बटणाएवढा सेन्सरही ह्यांनीच शोधून मागवला. साखरेचा आकडा ह्यांच्या फोनवरून माझ्याही फोनवर यायचा. मग काय, मला आयतंच सापडलं. संध्याकाळी हे फिरायला गेले की बाण वर चढायचा आणि मी फोन लावायचे.

"काय खाल्लंत?"

"कुठे काय, चहा घेतला."

"अहो..."

"बरं, एक जिलबी. गरम होती गं."

किती भांडलो त्या जिलब्यांवरून! आता ते भांडण नुसतं आठवलं तरी घर भरल्यासारखं वाटतं.

गेले तेव्हा घाईत सेन्सर काढायचं कुणालाच सुचलं नाही. तो दंडावरच राहिला आणि ह्यांच्याबरोबर जळला. ह्यांचा फोन तेव्हापासून कपाटात बंद पडलाय.

तरी दुकानातल्या त्या दुपारनंतर रोज संध्याकाळी आकडा येऊ लागला. मी कुणाला बोलले नाही. घाबरायला हवं होतं, पण मला आनंदच व्हायचा. चोरून खाताहेत म्हणजे मजेत आहेत, असं वाटायचं.

मग एका दुपारी अलार्म वाजला. साठ, बाण खाली. साखर इतकी उतरली की हे घामाने डबडबायचे, हात कापायचे. खोलीत तोच घामाचा वास आला... खिडकी तर बंद होती. ह्यांची वेताची खुर्ची हलकेच करकरत होती, कुणी थरथरत बसल्यासारखी. मी साखरपाणी केलं, खुर्चीपुढे धरलं. "घ्या ना हो..." आकडा पंचावन्नवर आला. घेणार कोण? शेवटी रडत रडत मीच ते पिऊन टाकलं.

बाण हळूहळू वर वळला.

तेव्हापासून मी ह्यांच्यासाठी खाऊ लागले. शिरा, बेसनाचे लाडू. खायचे मी, चढायची ह्यांची. मला मात्र चक्कर यायला लागली. देवळ्याहून लेक आली, यशश्री. तिने माझ्या बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर बघितली आणि पांढरीफटक पडली.

"आई, आत्ता लाडू खाल्लेस ना? मग पन्नास कशी?"

मी तिला माझा फोन दाखवला. ह्यांची एकशे तीस होती. तिने दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा ताडून बघितले.

"हे काढून टाकूया," मग म्हणाली. "अशाने तू जाशील गं."

"काढलं तर ते जातील."

"बाबा गेलेत, आई."

तिने माझ्या फोनमधून ह्यांचं नाव पुसलं. मी आडवी आले नाही. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नव्हतं. त्यानंतर तिने दिलेलं साखरपाणी मला लागलं, तरतरी आली. ती थोडे दिवस राहिली, रोज माझं बोट टोचून खात्री करून घेतली आणि देवळ्याला परत गेली. घर फार रिकामं झालं.

परवा दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"आई... माझ्या फोनवर बाबांचं नाव आलंय. मी काही केलं नाही गं... सकाळपासून खातेय, तरी हात कापताहेत..."

"घाबरू नकोस. आणि पुसू नकोस," मी म्हणाले. "ते नाव मला पाठव. कसं पाठवायचं ते बघ."

"आई, नको..."

"अगं, नवरा माझा आहे."

भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मी कढईत रवा भाजायला घेतला. फोन कानाशीच होता.

"थांब, कुठे दाबायचं ते बघते," यशश्री म्हणत होती. तिने अजून काहीच दाबलं नव्हतं, आणि माझ्या कानाशी फोन थरथरला.