बिनपायांची गौर

“थांबा! जागचे हलू नका!” रेश्माने हात पसरून आपल्या दोन्ही चुलत भावंडांना अडवले. “तेरडा चोरीला गेलाय!”

वैशाखरे गावाच्या मागच्या रानउतारावर काल गुलाबी-जांभळी फुले दाटली होती. आज तिथे नुसते बुडखे! मनस्वीचा चेहरा उतरला. तेरड्याची रोपे म्हणजेच गौर, आणि ती आज संध्याकाळी घरात आणण्याचा मान यंदा प्रथमच तिला मिळाला होता.

“गाईनं खाल्ला असंल,” धाकटा प्रज्वल म्हणाला.

“गाय कोयता घेऊन येते काय रे?” रेश्मा म्हणाली. “बघ, कसा सरळ कापलाय! आन् पाकळ्या सांडत गेल्यात!”

पाकळ्यांचा माग थेट त्यांच्याच गोठ्याशी थांबला. दारात शेखरकाका उभा होता, अकारण शीळ घालीत.

“काका, आत काय हाय?”

“काय नाय! उंदीर! पळा तुमी!”

प्रज्वलने काकाच्या फुगलेल्या खिशावर बोट टोचले. टप्प! टप्प! तेरड्याच्या पिकलेल्या शेंगा फुटल्या आणि बिया थेट काकाच्या मिशीत!

“उंदराला शेंगा लागतात व्हय, काका?”

“अरे, वरची आळी दरसाल चांगला तेरडा आधी नेते! म्हणून यंदा पहाटेच...”

गलबला ऐकून जनाबाई आजी आली. तिने गोठ्यातला एक तुरा उचलून उलटा धरला.

“शेखर, हिची पावलं कुठं हायत?”

“पावलं?”

“मुळं म्हणजे गौरीची पावलं! बिनपायांची गौर घरात येणार कशी? तू खांद्यावर घेणार हायस?”

मनस्वीचे डोळे भरले. एवढ्यात प्रज्वल चाचरत म्हणाला, “आजी, गेल्या साली खळ्यामागं आमी तेरड्याच्या शेंगा फोडत होतो, बिया तिथंच उडाल्या... तू काठी घेऊन मागं लागलेलीस...”

सगळे धावले. खळ्यामागे गुडघाभर तेरडा फुलला होता! घराला पुरून वरच्या आळीलाही देता येईल इतका!

मनस्वीने माती मोकळी करून रोपे अलगद, मुळांसकट उपटली. संध्याकाळी तिने गौरीसह उंबरा ओलांडला, तेव्हा थाळी बडवायला शेखरकाका होता. कापलेली फुलेही आजीने वाया जाऊ दिली नाहीत. चिमूटभर तुरटी घालून ती काकाकडून पाट्यावर वाटून घेतली आणि गल्लीतल्या साऱ्या मुलींच्या नखांवर रंग चढावा म्हणून बांधायला लावली.

“शाबास रे पोरांनो! तुमच्या खोडीनं घराची लाज राखली,” आजी म्हणाली. “काठी मी चुलीत घातली. आता गोठ्यातल्या शेंगा घेऊन उतारावर जा आन् पोटभर फोडा, म्हंजे पुढल्या साली तिथं तेरडा उगवंल!”

पोरे उड्या मारीत निघाली. काका हळूच घरात सटकू लागला.

“शेखर! तू कुठं? तुझ्या खिशातल्या शेंगा अजून शिल्लक हायत!”