शालूबाईची फ्लॉपी

सार्थक, तो मोबाईल उपडा ठेव आधी. पूर्णिमा, दार ओढून घे. भ्यायचं असंल तर आत्ताच उठा, मधनं उठायचं न्हाय. आणि थापा म्हणायचं न्हाय. यल्लाप्पा माझा दोस्त, नेसरीचा. खोटं बोलून त्याला काय मिळणार व्हतं?

मंगळवार पेठेत माडीवर खोली होती त्याची. लोकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर आणायचा, चालू करायचा आणि त्यांच्या फ्लॉप्यांतलं जे निघंल ते सीडीवर उतरून ठेवायचा. फ्लॉपी तुम्ही कुठली बघताय! तळहाताएवढी चौकोनी वस्तू, आत लिवलेलं साठवणारी चकती. कोपऱ्यात बारकी खिडकी. ती उघडी ठेवली की फ्लॉपी नुसती वाचता येती, तिच्यावर एक अक्षर लिवता येत न्हाय. यल्लाप्पा आधी खिडकी उघडायचा, मगच फ्लॉपी आत घालायचा. लगीन केलं न्हवतं. जेवलास का म्हणून इचारणारं कोण न्हवतं. मी जायचो अधनंमधनं, तेवढंच.

२००७ साल. चौदा नोव्हेंबर, बुधवार. दिवाळी नुकतीच सरलेली. कसबा बावड्याहनं शालूबाई रिक्षात कॉम्प्युटर घालून आली. तिचा नवरा जोतीराम घरात ह्याच कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नपत्रिका टाईप करून द्यायचा. त्याला जाऊन दहा वर्षं झालेली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बायकोच्या हातात फ्लॉपी देऊन म्हणाला होता, "तुला लिवलंय. वाचाय शीक, मग बघ." बाईनं पन्नाशीत पाटी धरली.

"मी वाचून दाखवतो की," यल्लाप्पा म्हणाला.

"न्हाय ओ पावणं! दहा वर्षं कुणाला हात लावू दिला न्हाय. मीच वाचणार. फकस्त अक्षर मोठं पायजे. पेपरचा मथळा तेवढा येतोय मला, खालचं बारीक न्हाय येत."

"बरं, न्हाय वाचत मी. उद्या सकाळी या," म्हणाला हा.

दिवसभर लोडशेडिंग, म्हणून रात्री बसला. फ्लॉपीला बुरशी धरलेली. कापसानं हलकं पुसली. एकदा फिरली तर फिरली, न्हायतर राम म्हणणार, असली गत. फिरली! आत एकच फाईल. अक्षर मुंगीएवढं. यल्लाप्पानं वाचलं न्हाय, बाईला शब्द दिला होता. दगाफटका नको म्हणून तेवढा एक कागद छापून खिशात घातला. अक्षर मोठं करायचं ते सकाळी बघू म्हणाला.

दोन वाजून दहा मिनिटं. लाईट गेली.

पंखा थांबला. कॉम्प्युटरचा पडदा काळा. सगळी पेठ गप.

मग... खर्र...

फ्लॉपी फिराय लागली.

वीज न्हाय. तरी फिरती.

आणि कीबोर्ड. टक... टक... टक... एकच बटण. सावकाश. न चुकता.

"कोण हाय?"

...

टक.

उठला. दार हाताला लागंना. लागलं. भाईर जिन्यावर येऊन बसला, उजाडेपर्यंत. मला सांगताना रडला ओ गडी. म्हणाला, "आण्णा, भ्यालो तर होतोच. पण जिन्यावर बसून एकच वाटत होतं, आत हाय ते बाईसाठी आलंय. माझ्यासाठी कोण येणार?"

सकाळी लाईट आली तशी शालूबाई पण आली. यल्लाप्पानं फाईल उघडली.

अक्षरं बोटाएवढी. एका ओळीत दोन-दोन शब्द.

बाईनं पडद्यावर बोट ठेवलं. एक एक अक्षर जुळवत गेली. "शा... लू. वाचाय... आलं... न्हवं? आता... कुणाच्या... तोंडाकडं... बघू नको." आणि तिथंच पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. म्हणाली, "बघा, किती मोठं काढलंय! त्यांना काय ठावं, मला बारीक येत न्हाय म्हणून?"

यल्लाप्पानं तिला कागद छापून दिला. ती गेल्यावर फ्लॉपी भाईर काढून बघितली. तिची खिडकी उघडीच होती.

रातचा कागद यल्लाप्पानं मला दिला, माझ्या ट्रंकेत हाय. चष्मा लावून पण धड दिसत न्हाय. सकाळचा शालूबाईनं काचेत बसवून भिंतीला लावलाय. शब्द तेच. बावड्याला गेलतो तवा बघितलाय मी.

दारातनं वाचता येतोय.