सुरत ते सोलापूर, एक तास दहा मिनिटं

"मॅडम, केराव्वा घरात न्हाय! भाकरी घिऊन गेले, तर दाराला भाईरनं कडी!"

सकाळी आठला काशम्मा धापा टाकत चौकीत शिरली. फौजदार विजयमाला तिच्याबरोबर निघाल्या.

अक्कलकोट रोडजवळच्या दोन खोल्यांत सत्तरीची केराबाई एकटी राहायची. तिला काही आठवायचं नाही, कपडेही खराब व्हायचे. शेजारची काशम्माच तिचं सगळं करायची. एकुलता एक मुलगा अजिनाथ सुरतेला गिरणीत होता. काशम्मानं त्याला आठलाच फोन केला होता.

खोलीत गोधडी ओली होती. वास असह्य होता. खुंटीवरचं घोंगडं मात्र नव्हतं.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल दुपारी. मग मी बाजारला गेले. यायला उशीर झाला, तवा डोकावले न्हाय."

अकराला रिक्षा थांबली. अजिनाथ उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, नाकावर रुमाल.

"इतक्या लवकर आलात?"

"विमानानं आलो, मॅडम. जीव ऱ्हाईना."

"किती वेळ लागला विमानाला?"

"एक तास दहा मिनिटं. पाचशे सहा किलोमीटर हाय."

"तिकीट?"

"मोबाईलमदी हुतं. मोबाईल बंद पडलाय."

"आई कुठं गेली असेल?"

"मागच्या विहिरीत बघा. भान न्हवतं तिला. स्टेशनावर जाऊन बसायची न्हाय ती."

विजयमालाबाईंनी मोबाईलवर काहीतरी तपासलं. मग बाहेर जाऊन त्यांनी एकामागून एक फोन लावले. चौथा जेऊरच्या रेल्वे स्टेशनला. तिथलं उत्तर ऐकताच त्यांनी फोन ठेवला.

त्या आत आल्या. "अजिनाथ, आईला जेऊरला का सोडलंस?"

"काय बोलता? मी सुरतेत हुतो!"

"सुरतेहून सोलापूरला विमान येतच नाही. दुसऱ्या शहरावरून आलास तरी तीन तासांत पोचणं अशक्य. इंटरनेटवर कुठल्याही दोन गावांची नावं टाकली, की हवाई अंतर आणि विमानाचा वेळ दिसतो. विमान असो नसो. तू तेच पाठ केलंस. म्हणजे काशम्माचा फोन आला तेव्हा तू सोलापुरातच होतास."

अजिनाथचा रुमाल खाली आला.

"भान नसलेली बाई जाताना बाहेरून कडी घालत नाही. ती तू घातलीस. आणि स्टेशनचं नाव इथं कुणी काढलंच नव्हतं. विहिरीत गळ टाकत आम्ही दोन दिवस घालवावेत, एवढ्यासाठी तू धावत आलास. कारण बोल."

"लगीन ठरलंय माजं," तो पुटपुटला. "पोरीकडचे म्हनले, असली घान घरात नको."

काशम्मा दारात थुंकली.

दुपारी अजिनाथला आणि एका शिपायाला घेऊन विजयमालाबाई जेऊरला पोचल्या. फलाटाच्या टोकाला, घोंगडं पांघरून केराबाई बाकावर बसली होती. काल संध्याकाळपासून. लुगड्याला माश्या लागलेल्या. लोक वळसा घालून जात होते. हमालानं दिलेला बिस्किटांचा पुडा तिनं फोडलाही नव्हता. पदराखाली धरला होता.

अजिनाथ दिसताच तिचं तोंड उजळलं.

"आलास व्हय? बिस्किटं ठिवलीत तुला. लई भ्याले मी, पोरगं कुटं चुकलं म्हून."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. अजिनाथनं मान वळवून श्वास रोखला.

विजयमालाबाईंनी शिपायाला खूण केली. अजिनाथच्या हातात बेडी घालायला त्याला म्हातारीची बोटं एकेक करून सोडवावी लागली.