नऊ बटणं

"मग चार दिवसांपासून काऊन येऊन नाही राहिला तो?" राजदीपनं टेबलावर मूठ आपटली तशी कपबशी उडाली. "सांग ना! सोमवारी आई घरी बसली, आन् मंगळवारपासून फोटो साफ. म्हणजे त्याले खबर लागली. खबर देणारं या घरात कोण आहे?"

अल्का भिंतीला टेकून उभी होती. तिचं रडून झालं होतं. आता ती नुसती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. अकराच्या गाडीनं तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता, आणि हे नेणं चार दिवसांच्या माहेरपणाचं नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. राजदीपनंच त्याला फोन करून सांगितलं होतं, तुमची बहीण घेऊन जा.

"आवाज खाली कर," मंदाबाई म्हणाली. "शेजारच्यांले चटया टाकून देऊ काय आयकाले?"

"तू मधात बोलू नोको आई. हे नवराबायकोचं आहे."

"घर माह्यं आहे. माह्या घरात मी मधातही बोलन आन् कडेलेही बोलन."

घर खरंच तिचं होतं. तिरोड्यात तीस वर्षं बिड्या वळून तिनं ते उभं केलं होतं. वाचायला तिला कोणी शिकवलं नाही. बिडीच्या कट्ट्यावरच्या लेबलावरून अक्षर अक्षर जुळवत ती शिकली. नवरा गेल्यावर पिठाची चक्की टाकली, आणि पट्टा तुटला तर मिस्त्रीची वाट न बघता स्वतः शिवू लागली. बाप छप्पन साली दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं घरातले देव, गंडे, ताईत सगळे नदीत सोडले होते, आणि लेकीनं ते कधी परत काढले नाहीत. एका बाईच्या अंगात आलं होतं तेव्हा मंदाबाईनं भर मांडवात विचारलं होतं, "देव आला म्हणतेस, मग घाम तुले काऊन सुटला?" भूत म्हणजे तिच्या लेखी रिकामटेकड्या माणसांनी लावलेलं दुकान.

आणि म्हणूनच चार दिवस तिच्या तोंडाला कुलूप होतं. बोलावं तर जन्मभराचं बोलणं खोटं पडतं. न बोलावं तर सून घरातून जाते.

सगळं सुरू झालं होतं त्या काचेच्या पेटीपासून. राजदीप वीजघरात पाणी तपासायच्या कामाला. माणसाला कशाचं वेड लागेल सांगता येत नाही. जिकडे जावं तिकडे तळं अशा मुलखात जन्मलेल्या पोरानं घरात समुद्र मांडला. चार फुटांची पेटी, मोजून मीठ घालून केलेलं पाणी, वर निळा दिवा, आणि आत चेन्नईहून पिशव्यांत भरून रेल्वेनं आलेली जिवंत प्रवाळं. चक्कीवरच्या बाया विचारायच्या, "खातेत काय ते?" खात नाहीत म्हटलं की त्यांचा जीव त्यातून उडायचा.

त्यात एक तळहाताएवढा दगड होता. त्यावर एका ओळीत नऊ जीव, नखाएवढे, गोल, कडेला बारीक झालर. राजदीप त्यांना काहीतरी इंग्रजी नाव घ्यायचा. मंदाबाई म्हणायची बटणं. कॅमेऱ्याला जवळचं टिपणारं मॅक्रो भिंग लावलं की तीच बटणं पडद्यावर ताटाएवढी दिसत. मधे हिरवं तोंड, नारिंगी कडा, झालरीचं बोट न् बोट वेगळं. त्यांची खोड एकच. समोरच्या खिडकीचा उजेड अडला, कोणाची सावली अंगावर पडली, की मुठीसारखी मिटत. सावली हटली की सावकाश उघडत.

असे फोटो काढायचे तर पाणी थिर लागतं. पंपाच्या धारेनं झालर हलली की चित्र पुसट येतं. म्हणून राजदीपनं पंपाला टायमर लावला. रोज दुपारी दोन ते अडीच पंप आपोआप बंद, आणि तेवढ्या वेळात स्टँडवर बसवलेला कॅमेरा दर दहा सेकंदांनी आपला आपण एक फोटो घेणार. संध्याकाळी कामावरून आला की तो ते ओळीनं बघायचा. दुपारी मंदाबाई चक्कीवर. घरात एकटी अल्का, आतल्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत.

एका संध्याकाळी त्याला दिसलं, की दोन वाजून दहा मिनिटांनी डावीकडचं पहिलं बटण मिटलंय. पुढच्या फोटोत दुसरं. मग तिसरं. करत करत नववं. थोडा वेळ सगळी मिटलेली, मग परत डावीकडूनच एकेक उघडत गेलेली. दुसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस तेच. पेटीच्या डाव्या अंगाला आतली खोली, उजव्या अंगाला बाहेरचं दार. राजदीपनं अर्थ लावला: आतल्या खोलीतून रोज कोणीतरी निघतो, पेटीपुढून चालत जातो आणि बाहेर पडतो. पुरुष कितीही शिकलेला असो, बायकोची गोष्ट आली की त्याचं डोकं एकाच गल्लीत शिरतं.

खोटं कशाला लिहा, मंदाबाईलाही पहिला संशय सुनेचाच आला. दोन दिवस तिनं अल्काच्या बांगड्यांपासून चपलेपर्यंत सगळं न्याहाळलं. मग संशय लेकावर गेला. काँप्युटरात आजकाल माणसाच्या धडावर बकऱ्याचं मुंडकं लावतात. बायको नकोशी झाली असेल, तर बटणं मिटवायला याला किती वेळ?

म्हणून सोमवारी तिनं अल्कालाच चक्कीवर धाडलं आणि स्वतः घरी राहिली. बाहेरच्या दाराला आतून कडी घातली. मागच्या दाराला कडी घालून वर पाटा टेकवला. आतल्या खोलीत पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून लुगड्यांत हात घालून पाहिलं. मग आपली सावली पेटीवर पडणार नाही अशी जागा शोधून, पेटीसमोर खिडकीखाली पाट टाकून बसली. कॅमेरा तिनं बंद करून ठेवला होता, लेकाच्या फोटोंवर तिचा भरवसा नव्हता. हातात अडकित्ता होता. सुपारी नव्हती, नुसता अडकित्ता.

दोन वाजता पंप थांबला.

त्या पंपाचा आवाज घरात इतका मुरला होता, की तो थांबल्यावर घर मोठं झाल्यासारखं वाटलं. पाण्यावरची शेवटची लहर काचेला टेकली आणि मिटली. पाणी असं थिरावलं की काचेच्या आत पाणी आहे, हेही कळेना. बाहेर कोणाच्या तरी अंगणात मुसळ पडत होतं, तेही थांबलं.

आधी वास आला. पेटीला खारट वास असायचा. हा तो नव्हता. बोडी, गावाकडचं लहान तळं, आटत आली की तळाच्या गाळाला येतो तो वास, कुजलेल्या कमळाच्या देठांचा. वैशाखातला वास, आणि महिना तर पौषाचा.

मग डावीकडचं पहिलं बटण मिटलं.

मंदाबाईनं आधी खिडकीकडे पाहिलं. आड काहीच नव्हतं. जमिनीवर खिडकीच्या उन्हाचा चौकोन पडला होता, गजांसकट, जिथल्या तिथं. त्यातून काही चालत गेलं असतं तर उन्हात दिसलं असतं. दुसरं बटण मिटलं. तिसरं. कोणी अगदी सावकाश, पाऊल मोजत चालावं तसं. चौथं, पाचवं... आणि तिथंच थांबलं. डावीकडची पाच मिटलेली, उजवीकडची चार उघडी. पेटीच्या बरोबर मध्यावर. तिच्या पाटाच्या बरोबर समोर.

ती दम धरून बसली. एक मिनिट. दोन. वास आता तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर होता...

भ्यायचं नाही ही तिची जुनी खोड. आवाज चढवून ती म्हणाली, "कोण आहे? अल्का नाही घरात. मी आहे. मंदा."

तिचं नाव तोंडातून निघालं, तशी पाचही बटणं एकदम उघडली. सगळी. तिच्या समोर आता काही उभं नव्हतं.

अडीचला पंप सुरू झाला. मंदाबाई उठली, कड्या काढल्या, उन्हातून चक्कीवर गेली. अर्ध्या वाटेत तिला माय आठवली. माय म्हणायची, भर दुपारी थिर पाण्याजवळ कोणी आहे असं वाटलं तर आपलं नाव सांगू नये. आठवलं म्हणून मंदाबाईला स्वतःचाच राग आला.

मंगळवारपासून घरातले फोटो साफ आले. पण चक्कीवर उडणारं पीठ सगळ्यावर सारखं बसतं, पोत्यांवर, तराजूवर, माणसाच्या भुवयांवर. आणि तिच्या स्टुलामागं वीतभर जागा कोरी राहू लागली. ती स्टूल हलवायची. थोड्या वेळानं नवीन जागी, तिच्या मागं, तेवढीच फरशी परत उघडी. दळण घ्यायला आलेली एक बाई नाक मुरडून म्हणाली, "मंदाबाई, गाळाचा वास कुठून येऊन राहिला वो?"

"घड्याळ पाह्य," राजदीप आता बायकोला म्हणत होता. "तुह्या भावाले मी सारे फोटो दाखवन."

"दाखव," मंदाबाई म्हणाली. "पण आधी मी सांगतो ते आयक. अल्काकडं कोणी येत नव्हतं. सोमवारी ती चक्कीवर होती, दाराले कडी होती, तरी बटणं मिटली. माह्या डोळ्यांपुढं मिटली."

"मग चार दिवस काऊन नाही सांगितलं?"

मंदाबाई म्हणाली, "लाज वाटली म्हणून."

"कायची लाज?"

"ते मंगळवारपासून इथं नाही, राजदीप. माह्यामागं आहे."

राजदीप हसला. वाईट हसला. "तू? तू आता भुताच्या गोष्टी सांगून राहिली? सुनेसाठी?"

"मी भूत म्हटलंच नाही. पाहिलं ते सांगितलं. नाव तू ठेव, तू शिकला आहेस." तिनं पदर खोचला. "पंप बंद कर. कॅमेरा लाव. तुले फोटोशिवाय माय पटत नाही ना?"

त्यानं रागारागानंच पंप बंद केला, स्टँडवरचा कॅमेरा दगडावर रोखला. मागच्या छोट्या पडद्यावर नऊ बटणं आली, नऊही उघडी. अल्का पडद्याच्या जवळ होती. कोणी न सांगता ती तिथं वाकून बघू लागली.

मंदाबाई आतल्या खोलीच्या दारात गेली. तिथून खिडकीखालून, पार वाकून, आपल्या सावलीचा तुकडाही पेटीवर पडू न देता चालत निघाली. साठीची बाई अशी चालताना बघून राजदीपला क्षणभर लाजच वाटली असेल. ती बाहेरच्या दाराशी पोचून ताठ उभी राहिली. बटणं उघडीच होती.

"झालं?" राजदीप म्हणाला. "झालं नाटक?"

आणि डावीकडचं पहिलं बटण मिटलं.

खिडकीखाली आता कोणी नव्हतं. दुसरं मिटलं. तिसरं... तिच्यामागून, तिच्याच वाटेनं, पण तिच्यापेक्षा फार सावकाश. सातवं, आठवं, नववं. खोलीत गाळाचा वास भरला.

"ढग आला असन," राजदीपचा आवाज चिरकला. "उन्हावर ढग... दिव्यात काही बिघाड..."

"अल्का कुठं जाणार नाही," मंदाबाई म्हणाली. तिनं दार उघडून पायरीवर चपला घातल्या. "मी चक्कीवर राहीन. तिथं पीठच आहे सारं, पाणी नाही."

"जा! जा मग!" तो ओरडला, मायवर ओरडत होता की आणखी कोणावर, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. मंदाबाई पायरी उतरून अंगणात गेली, तसा तो धावत दाराशी आला आणि दार ओढू लागला.

अल्का सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. पडद्यावर बटणं डावीकडून एकेक उघडत चालली होती. त्यांच्यावरची नजर न काढता ती हळूच म्हणाली, "दार नोका लावू जी... उजवीकडची तीन अजून मिटलेलीच आहेत."