भावात न धरलेली वहिनी

“भांडवल? शून्य! जागेचं भाडं? शून्य! मजुरी? तीही शून्य!”

आरशासमोर उभ्या असलेल्या दिराने हात उंचावला, आणि कोपऱ्यात शिलाई मशीनवर वाकलेल्या वहिनीच्या काळजात खोलवर काहीतरी रुतलं... तिने ओठांत टाचण्या धरल्या होत्या, पण ही कळ टाचणीची नव्हती! उठावं आणि सांगावं, भाऊजी, ते शून्य इथे बसलंय, जरा वळून बघा, असं तिला फार वाटलं. पण तोंडात टाचण्या असताना माणसाला बोलता येत नाही, हुंदका तर मुळीच देता येत नाही. आणि म्हणूनच की काय, तिचं दुःख आजवर या घरात कुणाच्या कानावर गेलं नव्हतं.

धंदा उशांचा होता. दीर कामाला होता तो कारखाना बंद पडला आणि तो तोंड पाडून घरी बसला, तेव्हा उशांची कल्पना त्यालाच सुचली, हे वहिनी कधी नाकारत नसे. शिंप्यांकडे कातरण साचतं, ते नेणारा कुणी भेटला तर त्यांनाच हवा असतो. ते आणायचं, बारीक करायचं, खोळीत भरायचं, झाली उशी! कल्पना त्याची, आणि डोक्यावर गठ्ठे घेऊन दुकानोदुकानी वणवणही त्याचीच. बाकी सगळं तिचं. खोली तिची, मशीन तिच्या माहेरचं. त्या मशीनवर ती शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवायची. दारातून हाक मारत येणारी तिची स्वतःची गिऱ्हाइकं होती. ती सगळी तिने ‘आता नाही हो जमणार’ म्हणत परत पाठवली... हसतमुखाने परत पाठवली! नमुना म्हणून लॉजवाल्याला जी पहिली उशी दिली, तीही तिच्याच डोक्याखालची, नवी खोळ घातलेली. लॉजवरचा पाहुणा त्या उशीवर असा गाढ झोपला की त्याची गाडी चुकली, त्याला आणखी एक दिवस राहावं लागलं, आणि हरखलेल्या लॉजवाल्याने सगळ्या खोल्यांसाठी उशा मागवल्या. घरात आनंदीआनंद झाला. वहिनी मात्र चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपली, आणि त्यागाच्या त्या परमोच्च क्षणी तिची मान आखडली.

पण हे सगळं तिने आनंदाने सोसलं होतं. सोसवत नव्हती ती कालची गोष्ट. दिराने बाजारात गाळा भाड्याने ठरवला होता, तिथे पगारी कारागीर बसणार होते, आणि ही बातमी त्याने तिच्यापुढे एखादा दागिना ठेवावा तशी ठेवली होती.

“वहिनी, सुटलीस बघ! तुझी खोली तुला परत. आता तू नुसता आराम करायचा!”

इतक्या मायेने म्हणाला तो, की तिला रागावताही येईना! रागाने घालवलेल्या माणसाला निदान भांडता येतं. प्रेमाने घालवलेल्याने काय करावं? ही टीप, ही शिवण, हा धंदा उभा राहताना बघण्याचं सुख... ते सगळं आराम या एका शब्दाच्या बदल्यात जाणार होतं.

आणि आता साहेब उद्याच्या भाषणाची तयारी करत होते. व्यापाऱ्यांच्या सभागृहात त्याला बोलावलं होतं. विषय : ‘कमी खर्चात धंदा’.

“बसा सगळे. तुम्ही श्रोते,” त्याने फर्मावलं.

सासरे खुर्ची ओढून पुढे बसले. नवरा भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. खरे श्रोतेही असेच करतात म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

“मित्रहो! दुकान घेऊ नका, घर वापरा. दुसऱ्याला नकोसं झालेलं हुडका, तोच तुमचा कच्चा माल. दहा वस्तू करू नका, एकच करा, पण अशी करा की...”

“मोठ्याने बोल, मागे ऐकू येत नाही,” सासरे म्हणाले.

“बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत आहात.”

“शेवटचीही हीच आहे.”

“...पण अशी करा की गिऱ्हाईक स्वतः दुसऱ्याला सांगेल! मोठी ऑर्डर हवी तर आधी नमुना वापरायला द्या. आणि पहिली काही वर्षं नोकर ठेवू नका. बस्स! आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.”

वहिनीने ओठांतली एक टाचणी काढली. मग दुसरी. मग उरलेल्या. नवऱ्याने डोळे उघडले. काम अर्धवट टाकून तिचं तोंड मोकळं झालेलं त्या घराने प्रथमच पाहिलं होतं.

“साहेब, मला विचारायचंय,” ती उभी राहिली. “मी एक अनोळखी बाई. मलाही धंदा काढायचाय.”

“विचारा की, बाई!” दीर खूश झाला.

“जागा तुम्ही फुकट म्हणालात. ती कुणाची?”

“वहिनीची.”

“आणि मशीन?”

“तेही... वहिनीचंच.”

“शिवत कोण होतं?”

“वहिनी.” आवाज जरासा खाली आला होता.

“मग अशी वहिनी मला कुठे मिळेल?”

दीर हसला. “ती शोधावी लागत नाही हो, घरातच असते!”

“माझ्या घरात वहिनी मीच आहे, साहेब,” ती म्हणाली, आणि अनोळखी बाईचा आवाज एकदम ओळखीचा होऊन कापू लागला... “मग मला कोण?”

दिराचा उंचावलेला हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

“वहिनी... अगं, तू दमतेस, तुझे डोळे दुखतात, म्हणून मी...”

“दमते! पण माझ्या कामाने दमते, भाऊजी! आराम मागितला होता का मी? शून्य, शून्य, शून्य म्हणून मोजलंत मला. उद्या गाळ्यात कारागीर बसतील. ते पगार मागतील, आणि हीच उशी याच भावात तोट्यात जाईल. का? कारण तिच्या भावात मी कधी धरलेच गेले नव्हते!”

एवढं बोलून ती रडली. मनसोक्त, मोठ्याने रडली. आता टाचण्यांची आडकाठी नव्हती. दीरही रडू लागला, लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की तिच्यापुढेच रडायचा तसा, नाक ओढत.

“चुकलो गं. धंद्याची कल्पना सुचली तेव्हापासून मला वाटायचं, तू आहेसच. जो आहेच त्याला कोण मोजतं?”

“मी मोजतो,” सासरे म्हणाले. “गाळा दोघांच्या नावावर कर. भाषणही दोघं करा. एकट्याचं फार लांबतं.”

“हे मी आधीच म्हणणार होतो,” नवरा म्हणाला. तो काहीच म्हणणार नव्हता हे सर्वांना ठाऊक होतं, पण आनंदाच्या प्रसंगी असं बोलून दाखवायचं नसतं.

“तुला काय हवंय, वहिनी? सांग.”

ड्रेसला पदर नसल्याने तिने उशीच्या खोळीने डोळे पुसले. “निम्मा धंदा. कारागीर मी निवडणार. आणि उशीचा भाव वाढवायचा.”

“दिला निम्मा! कारागीर तूच निवड! पण भाव? अगं, भाव वाढवला तर लॉजवाला पळेल!”

“नाही पळणार.”

“बाजार मी फिरतो, मला माहीत आहे!”

“उशी मी शिवते, तिला काय लागतं ते मला माहीत आहे!”

“अगं, सोड ना,” नवरा सवयीने म्हणाला, आणि तितक्याच सवयीने ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं’ हे तिच्या जिभेवर आलं... अगदी टोकावर आलं... आणि तिने ते गिळून टाकलं.

“नाही सोडणार,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की सासऱ्यांनी खुर्ची आणखी पुढे घेतली.

दिराने डोळे पुसले, स्टूल ओढून तो तिच्यासमोर बसला आणि बाह्या सरसावत म्हणाला, “ठीक. मग नीट भांडू. पहिल्यापासून!”