खुळखुळा थांबला, स्वल्पविराम

ताई कथा लिहिते, म्हणून लोकांना वाटतं हीसुद्धा तिनंच रचली असणार.

रचलेली असती, तर तिनं ती रात्रीची केली असती. ही घडली भर दुपारी, मासिकाच्या कचेरीत, जिन्याखालच्या प्रुफांच्या खोलीत. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

तेव्हा ताई नवखी होती. मासिकात दोन-चार कथा आल्या होत्या, त्याही शेवटच्या पानांत कोंबलेल्या. संपादक महाशयांभोवती कायम चार टाळकी बसलेली असायची. चहा फुकटचा, मतंही फुकटची. नाकानं कांदे सोलणारी ती मंडळी ताईच्या लिखाणाला 'बाळंतिणीचं साहित्य' म्हणत आणि खो खो हसत. त्यांच्यातल्या एकानंही रडणारं मूल कधी कडेवर घेतलं नसेल.

या खेपेला कथा पहिल्या पानावर घेतो, असं संपादक म्हणाले. अट एकच. कथेतलं तापानं फणफणलेलं बाळ शेवटी बरं होत होतं. ते मरायला हवं.

"बाई, कुणी मेल्याशिवाय वाचक हलत नाही," ते म्हणाले.

ताईला ते पहिलं पान हवं होतं. कागदावरचंच तर पोर, असं म्हणून तिनं ते मारलं.

पण कथेतलं बाळ तिनं आपल्या तान्ह्या छकुलीवरून घेतलं होतं. तोच खुळखुळा, त्याच घट्ट आवळलेल्या मुठी.

त्या कचेरीत प्रुफं जोडीनं तपासत. एकानं छापील कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं तो मूळ प्रतीशी ताडून बघायचा. वाचणाऱ्यानं विरामचिन्हंही म्हणायची. हे काम वर्षानुवर्षं एक म्हातारी करायची. सगळे तिला वाचणाऱ्या बाई म्हणत. कोरडा, सपाट आवाज. त्यांचा एक हट्ट होता, तोंडात घेतलेलं वाक्य अर्धवट टाकायचं नाही. कुणी हाक मारली तरी पूर्णविराम म्हटल्यावरच ओ द्यायच्या.

त्या जिन्याखालच्या खोलीत, आपल्या खुर्चीतच, वाचता वाचता गेल्या. संपादकांना हळहळ एवढीच, की आता नवा माणूस शोधावा लागणार. शोधला नाहीच. लेखकांनाच प्रुफांना बसवलं.

म्हणून त्या दुपारी ताई तिथं एकटी होती. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून छकुलीला बरोबर आणलेलं. ती मागं सतरंजीवर खुळखुळा वाजवत होती. समोर बाईंची रिकामी खुर्ची.

ताई मोठ्यानं वाचत शेवटच्या वाक्याशी आली.

"खुळखुळा थांबला, स्वल्पविराम..."

मागचा खुळखुळा थांबला.

पोर पेंगली असेल, असं तिला वाटलं.

"मुठी सैल पडल्या, स्वल्पविराम..."

मागं काहीतरी टक्कन फरशीवर पडलं... आणि घरंगळत तिच्या पायाशी आलं.

खुळखुळा.

ताई वळली. छकुली डोळे उघडे ठेवून पडली होती. मुठी उघड्या. ओठ पांढरे.

वाक्यात थोडेच शब्द उरले होते. 'आणि बाळाचा श्वास थांबला.'

ताईनं तोंड घट्ट मिटलं.

खोलीत शांतता... पंख्याचासुद्धा आवाज नाही.

मग रिकाम्या खुर्चीतून, कोरड्या, सपाट आवाजात...

"आणि..."

ताई पोर उचलून अनवाणी पळाली. रस्त्यावर, भर उन्हात, छकुलीनं टाहो फोडला. इतकं गोड रडणं आपण जन्मात ऐकलं नाही, असं ताई अजून म्हणते.

ते वाक्य काढा, असं तिनं संपादकांना परोपरीनं विनवलं. ते चार टाळक्यांकडे बघून हसले. "बाई, बाळंतपणाचं खूळ उतरलं की या."

कथा छापली, वाक्यासकट. पहिल्या पानावर. टाळक्यांनी 'विदारक' म्हणून माना डोलावल्या. ज्यांना आपलं मूल कुठल्या इयत्तेत आहे हे ठाऊक नसतं, त्यांना विदारक फार आवडतं.

ताई त्या मासिकाची पायरी पुन्हा चढली नाही. छकुली आता कॉलेजात जाते, धडधाकट आहे. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण मागच्या महिन्यात ताई आमच्याकडे आली. दुपारची वेळ. माझं तान्हं आतल्या खोलीत पाळण्यात खुळखुळा वाजवत होतं. आम्ही दोघी बाहेर बोलत बसलो होतो.

खुळखुळा थांबला.

ताईचा चेहरा उतरला. ती उठायच्या आत आतून आवाज आला. कोरडा... सपाट...

"बाळाचा..."

आम्ही धावलो. बाळ टक्क जागं होतं, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत. त्याला काही झालेलं नव्हतं. मी त्याला छातीशी धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

ताई एवढंच म्हणाली, "त्या बाई वाक्य अर्धवट टाकत नाहीत गं."

तो खुळखुळा मी त्याच दिवशी लांब नेऊन फेकला.

तरी दुपारी कधी कधी तो आतल्या खोलीत वाजतो. मी हातातलं काम टाकून ऐकत राहते. वाजतोय तोवर मला भीती वाटत नाही.

आत्ता, हे लिहिताना, तो थांबलाय...